शेंडीतलं ओळखीचं घर

दार उघडणाऱ्या माणसाच्या हातात अर्धवट सोललेला लसूण होता.

"मी लिडिया. नगरहून आले... शमुवेल सरांची मुलगी."

तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला, मग तिच्यामागच्या पावसाकडे. परतीचा पाऊस होता, आडवा येणारा. तिची ओढणी खांद्याला चिकटली होती.

"आई, नगरचे पाहुणे आलेत," त्यानं आत वळून सांगितलं. मग तिला म्हणाला, "या ना. मी एडविन. लसूण सोलता येतो?"

"येतो."

"मग अगदी वेळेवर आलात."

शमुवेल सर आयुष्यात कधी लॉजवर राहिले नव्हते. शाळामास्तराच्या पगारात त्यांनी बायको-लेकीला महाबळेश्वर, उटी, कन्याकुमारी दाखवली, ती सगळी ओळखीवर. कुठे जुना विद्यार्थी, कुठे पाळकसाहेबांचा मेहुणा, कुठे त्या मेहुण्याचा शेजारी. चादर आपली न्यायची, शेंगदाण्याची चटणी भरपूर न्यायची, आणि यजमान 'अजून राहा' म्हणत असतानाच निघायचं. बदल्यात सावेडीतल्या त्यांच्या घरी परीक्षेला, दवाखान्यात, मुलगी पाहायला आलेली माणसं हॉलमध्ये ओळीनं झोपलेली असायची.

आई आधीच गेली होती. फेब्रुवारीत सरही गेले. मे महिन्यात लिडियानं पुण्याच्या एका जुन्या ओळखीच्या घरी फोन केला, तर तिथं रंगकाम निघालं होतं. पाचगणीच्या घरी दुसरे पाहुणे होते. दोन्ही कारणं खरी असतील. पण माणसाबरोबर त्याच्या ओळखीही मातीत जातात की काय, हे तिला आता समजून घ्यायचं होतं. ती काम करायची ते कॉलेजचं ग्रंथालय दिवाळीत बंद झालं तशी ती भंडारदऱ्याजवळच्या या शेंडी गावाला निघाली. पपांचे मित्र रॉबिन गुरुजी इथं राहायचे. त्यांचा मोबाईल लागत नव्हता, तरी ती निघाली. इथलंही दार उघडलं नाही, तर पुन्हा कुणाला विचारायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. स्टँडवरच्या चहावाल्याला तिनं ख्रिस्ती गुरुजींचं घर विचारलं आणि त्यानं हे घर दाखवलं.

आतून एडविनची आई, हेलनमावशी, टॉवेल घेऊन आल्या. "डोकं पूस आधी, पोरी. बाकीचं मग बोलू."

बाकीचं कुणी विचारलंच नाही. भिंतीवर एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोटो होता. ते रॉबिन गुरुजीच, असं लिडियानं गृहीत धरलं. लहानपणी एकदाच पाहिलेला चेहरा तिला आठवतही नव्हता.

"गुरुजी गेल्याचं आम्हाला कळलंच नाही," ती एडविनला हळूच म्हणाली.

एडविन फोटोकडे पाहत राहिला. "हं..." एवढंच म्हणाला आणि तिच्यापुढे गरम भाकरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. एडविन आश्रमशाळेत शिकवायचा. त्यालाही सुट्टी होती. तो तिला धरणाकडे घेऊन गेला. वाटेच्या दोन्ही बाजूंना सोनकीची पिवळी फुलं पसरली होती.

"तुम्ही सगळ्या पाहुण्यांना असं फिरवता?"

"नाही. काहींना आई नुसती रेशनच्या रांगेत पाठवते."

"मला का नाही पाठवलं?"

"रांगेत उभं राहून पुस्तक वाचाल आणि नंबर घालवाल. तोंडावरूनच दिसतं."

ती हसली. हसताना आपण कुठल्या तरी जुन्या सवयीनं हसतोय, असं तिला वाटलं. मग पाण्याकडे बघत ती पपांबद्दल बोलत राहिली. उटीला त्यांनी यजमानांची गळकी मोरी दुरुस्त केली होती आणि त्या नादात बाग बघायची राहून गेली होती. एडविननं मध्ये एकदाच विचारलं, "मग तुमची आई काय म्हणाली?" आणि ती काय म्हणाली होती ते लिडियाला कितीतरी वर्षांनी आठवलं.

निघायच्या दिवशी दुपारी ती गाडीची वेळ विचारायला स्टँडवरच्या त्याच चहाच्या टपरीवर गेली.

"एकदम सव्वा वाजता हाय बघा," टपरीवाला गोरक्षनाथ म्हणाला. "एडविन सरांचे पाव्हणे ना तुमी?"

"रॉबिन गुरुजींचे."

"रॉबिन गुरुजी? ते लई दिवस झालं नाशकाला गेले, लेकाकडं. बरं हाय त्यांचं."

लिडिया कप तसाच ठेवून परत आली. चादरीची घडी घातली, पिशवी भरली. एडविन ओट्यावर सायकलची चेन पुसत होता.

"भिंतीवरचा तो फोटो कोणाचा?"

त्यानं मान वर केली नाही. "माझ्या वडिलांचा. पाटबंधारे खात्यात जीप चालवायचे. गुरुजी... नव्हते."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या संध्याकाळपासून."

"मग बोलला का नाहीत?"

"बाहेर पाऊस होता."

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी ऊन होतं," तो म्हणाला. "म्हणून तर पंचाईत झाली."

तिला हसू आलं नाही. परक्या माणसांच्या घरात ती पाय पसरून झोपली होती, दोनदा भात मागून घेतला होता. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. "मावशी, चुकले मी. तुमची-आमची काही ओळख नाही."

"ठाऊक हाय गं," हेलनमावशी कालवणात मीठ टाकत म्हणाल्या. "माझी नणंद नगरहून माणसं धाडते. तिचीच म्हणून घेतलं तुला. मग परवा तिचा फोन आला, ती म्हणाली, मी तर कुणालाच नाही पाठवलं."

"तुम्ही विचारलं नाहीत..."

"जेवणाऱ्या माणसाला 'तू कोण' विचारतात व्हय? आमच्या माहेरी, बेलापूरला, असलं कुणी करत न्हाई."

लिडिया बाहेर आली. एडविन आता उभा होता. बोटांना वंगण लागलं होतं.

"इथं पपांना कुणीच ओळखत नव्हतं," ती म्हणाली. "मी ज्यासाठी आले, ते..."

"मी ओळखतो. उटीची बाग त्यांची बघायची राहिली आणि तुमची आई म्हणाली, 'मोरी तरी बघितली.' एवढं ओळखतो."

पपांच्या नावावर उघडलेली दारं तिला सगळी पाठ होती. त्यांच्या नावावाचून उघडलेलं हे पहिलंच, आणि तिला ते परतीच्या गाडीच्या दिवशी कळत होतं.

खालच्या रस्त्यावर अकोलेमार्गे नगरला जाणाऱ्या एसटीनं हॉर्न दिला.

"शाळा सोमवारी उघडते," एडविन म्हणाला. "तोवर... राहशील?"

त्यानं तिला 'तू' म्हटलं होतं. त्याच्याही ते लक्षात आलं. कान लाल झाले.

"कोणाच्या ओळखीनं राहू?"

"माझ्या."

ती त्याच्या काळ्या बोटांकडे बघत राहिली. एसटी सुटल्याचा आवाज आला, मग तोही विरत गेला. लिडियानं पिशवी खांद्यावरून उतरवून ओट्यावर ठेवली.

"तुझी-माझी ओळख अजून व्हायचीय," ती म्हणाली.

"तेवढ्यासाठीच तर..." तो म्हणाला, आणि हात पुसून तिची पिशवी आत घेऊन गेला.