मागची सीट नसलेली गाडी

“ओ, ऐका ना... या गाडीची मागची सीट कुणी चोरून नेली का?”

हा प्रश्न माझा नव्हताच. माझ्या मैत्रिणींचा, सई आणि रोहिणीचा होता. बारामतीतला आमचा बारावीचा क्लास सुटला होता, भवानीनगरच्या एसटीला पाऊण तास होता, ऑक्टोबरमधला परतीचा पाऊस नुकताच थांबला होता आणि जुन्या गाड्यांच्या दुकानाबाहेर एक मुलगा केशरी गाडीभोवती गोल गोल फिरत होता. रोहिणी म्हणाली, “वक्तृत्वात नंबर आल्यापासून लई धाडस आलंय ना ओवी तुला? मग जा, विचार.”

गेले! दहावीपर्यंत ‘हजर’ म्हणतानाही माझा आवाज चिरकायचा, हे त्या दोघी विसरल्या होत्या. मीसुद्धा विसरले होते.

तो हसला नाही. उलट त्याने वाकून खरंच आत बघितलं.

“मागं सीट न्हाय,” तो म्हणाला. “तोच तर घोळ हाय.”

त्याच्या केसांतून पाणी ठिबकत होतं आणि त्याला त्याचं भान नव्हतं. त्याचं नाव यशराज. कळसचा. बारामतीत ऑटोमोबाइल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता. हे सगळं मी न विचारता सांगितलं त्याने, कारण त्याला कुणाशी तरी बोलायचंच होतं.

“ही ट्रॅकची गाडी. दोनच माणसं. जमिनीला चिकटून पळती. एसी न्हाय, गाणी न्हाय, खालनं खडा गेला तरी पाठीला कळतो. पण वळणावर... काय सांगू तुमाला.”

“आणि ती पलीकडची निळी?”

“ती टर्बोवाली. पाच माणसं, डिकी, सगळं. घरची बी आन् पळायला बी. पाय दाबला की आधी जरा विचार करती, मग एकदम सुसाट.”

“म्हणजे माझ्यासारखीच.”

बोलून गेले आणि कान गरम झाले. मागे सई-रोहिणी खुसखुसल्या.

“आधी विचार करताय असं वाटलं न्हाय मला,” तो म्हणाला आणि आता मात्र हसला. डावीकडचा एक दात थोडा पुढे होता. हसताना तो ओठाखाली दडवायची त्याला सवय होती.

“मग केशरीच घ्या की. घोळ कसला?”

हसू विझलं. “डिसेंबरात कोइमतूरला नवख्यांची शर्यत हाय. गाडी स्वतःची पायजे. आन् आईला आठवड्यातनं दोनदा डायलिसिसला आणावं लागतं. तात्यांची पिकअप कायम मालावर असती. म्हणून...” त्याने दोन्ही गाड्यांकडे बघितलं. “एकच घ्यायची हाय.”

“कुठल्या दवाखान्यात?” मी विचारलं.

त्याच्या आईची, काकूंची, ओळख पुढच्याच सोमवारी झाली. डायलिसिसचे वार सोमवार-गुरुवार, आमच्या क्लासचेही तेच. मी दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायला लागले. रोहिणी म्हणायची, “समाजसेवा चाललीय वाटतं!” चालू दे म्हटलं.

राजलक्ष्मीकाकू एवढ्याशा होत्या. पाणी मोजून प्यायच्या, दिवसाला दोन-तीन वाट्या. लिंबाची फोड चोखत बसायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात ओढून आपल्या दंडावर ठेवला. तिथे डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली शीर कातडीखाली फुगली होती आणि आत सतत घर्र... घर्र... थरथरत होतं.

“बघ,” त्या म्हणाल्या, “हितं बी इंजिन चालूच हाय. बंद पडायच्या आत पोराची गाडी बघायचीय मला.”

“आई, असलं बोलत जाऊ नको,” यशराज दारातून म्हणाला.

“तुज्याशी कोण बोलतंय? आमा बायकांचं चाललंय.”

रविवारी दुकानदाराने दोन्ही गाड्या दिवसभर फिरवायला दिल्या. काकूंनी मलाही बोलावलं, सोबत सईला. घरी मी ‘सईकडे अभ्यासाला’ असं सांगितलं. ते माझं पहिलं खोटं.

मोठ्या रस्त्यापासून त्यांच्या वस्तीपर्यंत एक किलोमीटरचा मातीचा रस्ता आहे. त्या दिवशी तो कसला सुरेख होता! ऊसतोडीच्या हंगामाआधी साखर कारखान्याने नवा मुरूम टाकून रोलर फिरवला होता. दोन्ही बाजूंना डोक्यावर वाढलेला ऊस आणि मध्ये तांबडी, गुळगुळीत पट्टी. निळ्या गाडीत काकू मागे आडव्या होऊन बसल्या, पाय पसरून, डोळे मिटून. “घरच्या पलंगावर हाय मी,” म्हणाल्या.

मग केशरी. आधी काकूंची फेरी. मग माझी.

पट्टा चार बाजूंनी येऊन छातीवर बसायचा. मला लावता येईना. यशराजने हात पुढे केला... मग थांबला. स्वतःचा पट्टा सोडला आणि मला दाखवत पुन्हा लावला. सावकाश, एकेक क्लिप.

“असा. घट्ट करा. अजून.”

“श्वास घ्यायचा की नाही?”

“घ्या की. वळण आल्यावर घेता येणार न्हाय, आत्ताच घेऊन ठेवा.”

आणि खरंच नाही घेता आला. उसाच्या दोन हिरव्या भिंती मागे पळत होत्या. त्याचे डोळे रस्त्यावर होते, एकदा, फक्त एकदा माझ्याकडे वळले... घाबरलीय का बघायला. मी घाबरले नव्हते. मला वाटत होतं, हा रस्ता इंदापुरापर्यंत, पुढे सोलापुरापर्यंत असाच जावा. या गाडीत तिसऱ्या माणसाला जागाच नव्हती.

नंतर तो सईला घेऊन निळी गाडी धुवायला विहिरीकडे गेला आणि काकू माझ्याजवळ बाजेवर बसल्या.

“ओवी, त्यो तुला इचारणार हाय. केशरी म्हण.”

“पण काकू, तुम्हाला त्यात किती हिसके बसले...”

“निळी घेतली तर ती माज्यासाठी घेतलेली असंल. मी काय दोन-तीन वर्सं. मग त्यो जलमभर मोकळ्या मागच्या सीटकडं बघत बसंल. मला न्हाय ठेवायची त्याच्या मागं असली सीट.” त्यांनी माझा हात धरला. दंडातलं घर्र... मनगटापर्यंत जाणवत होतं. “आन् हे मी सांगितलं, त्याला कळता कामा न्हाय. मी म्हणले म्हणून घेतली, असं नगं. त्याला स्वतःला पायजे म्हणून घेऊ दे. शपत घे.”

मी शपथ घेतली.

त्याच रात्री जेवताना बाबा फोनवर कुणाशी तरी बोलत होते. माझे बाबा, रघुनाथ, कारखान्याच्या शेतकी खात्यात आहेत. कुठल्या शिवारात ऊसतोडीच्या टोळ्या कधी लावायच्या, ते ठरवतात. ते म्हणाले, “कळसच्या त्या वस्तीवर पंधरा नोव्हेंबरपासून टोळ्या लावतोय. दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर जाणार. दहा दिवसांत मुरूम उखडेल, रस्त्याची नुसती घळ होईल, शेतकऱ्यांना सांगून ठेवा.”

मी ऐकलं. ती यशराजचीच वस्ती होती. भाकरीचा घास हातात होता. टेबलाखाली माझा फोन थरथरला. यशराजचा मेसेज. ‘कुठली घेऊ?’

मला वाटतं, मी दोन सेकंद थांबले. मग लिहिलं, ‘केशरी.’

‘नक्की?’

‘नक्की. डोळे मिटून.’

आमच्या भागातल्या कुणालाही कळतं की रस्ता सगळ्यात चांगला दिसतो तो हंगामाच्या तोंडावर, कारण तो ट्रॉल्यांसाठीच केलेला असतो. यशराजलाही कळत होतं. पण त्याच्या डोक्यात वळणं होती, आणि तारीख त्याला माहीत नव्हती. मला माहीत होती.

गाडी आली. काकूंनी हार घातला, पेढे वाटले. तीन आठवडे आम्ही तिघं जगात सगळ्यात सुखी होतो. गाडी पहिल्यांदा दवाखान्यासमोर लागली तेव्हा वॉर्डातल्या बायका खिडकीला येऊन उभ्या राहिल्या. काकू दारातून अशा उतरल्या, जशा काही शर्यत त्याच जिंकून आल्या होत्या.

नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी काकूंना श्वास घेता येईना. यशराजचे वडील, जोतीरामतात्या, पिकअप घेऊन इंदापूरच्या बाजारात गेले होते. यशराजने काकूंना केशरी गाडीत बसवलं, पट्टा लावला. सोमवारी गाडी घासत का होईना, निघाली होती; पण आता रात्रभर ट्रॉल्या गेल्या होत्या. चाकांच्या जागी गुडघाभर चाकोऱ्या आणि मध्ये मातीचा कडक वरंबा. वस्तीपासून शंभर पावलांवर गाडी पोटावर टेकली. चाकं हवेत फिरत राहिली. त्याने आईला बाहेर काढलं, पाठीवर घेतलं आणि मोठ्या रस्त्यापर्यंत पळत गेला. एक किलोमीटर. पुढे कुणाच्या तरी जीपमधून बारामती.

शनिवारी काकू गेल्या.

डॉक्टर म्हणाले, “अर्धा तास आधी आल्या असत्या तरी काही सांगता आलं नसतं.” हे वाक्य मी शंभर वेळा उलटंसुलटं करून बघितलंय. वाचल्या असत्या असंही ते म्हणाले नाहीत. नसत्या वाचल्या, असंही नाही.

चौदावा झाल्यावर आज दुपारी तो एसटी स्टँडवर भेटला. डोक्याचा गोटा केलेला. कान एकदम मोठे दिसत होते, लहान पोरासारखे. मला हसू यायला हवं होतं.

“गाडी विकतोय,” तो म्हणाला.

“शर्यत नऊ दिवसांवर आहे.”

“कसली शर्यत?” तो हातातलं तिकीट चुरगाळत होता. “आईला मागं आडवं होता आलं असतं, ओवी. निळी त्या चाकोरीतनं निघाली असती. मला दिसत हुतं, दोन्ही गाड्या समोर हुत्या, आन् मी माझी हौस बघितली. पाठीवर हुती ती माज्या, आन् मलाच म्हणत हुती, ‘दमलास का रं?’”

स्टँडवर इंदापूर गाडीची घोषणा झाली. मी त्याच्या हाताकडे बघत होते. तो हात धरावा असं वाटत होतं... धरला नाही.

“मी... मीच तर तुला सांगितलं केशरी घे म्हणून.”

“तुजा काय दोष त्यात? मी इचारलं, तुला आवडली ती तू बोललीस. सगळी तोंडावर गोड बोलत्यात. तू तरी माज्याशी खोटं बोलली न्हाईस.” मग तो थांबला. दात ओठाखाली दडवला, पण हसत नव्हता. “तू समोर असलीस की जरा श्वास घेता येतो, ओवी. ह्ये आईला सांगणार हुतो मी. राहूनच गेलं.”

किती दिवस वाट बघितली होती मी या वाक्याची! आरशासमोर उत्तरंसुद्धा तयार केली होती, तीन-चार, एकाहून एक चावट. आणि आता वक्तृत्वात पहिली आलेल्या ओवीच्या तोंडातून आवाज फुटेना. तो एसटीत चढला. खिडकीतून त्याने बघितलं. मी नुसता हात हलवला.

घरी येईपर्यंत मी हिशोब मांडत राहिले. नुसती काकूंची गोष्ट सांगितली तर तो सुटेल आणि मीही सुटेन. मी तर त्यांचा निरोप सांगितला, एवढंच. तो रडेल, माझ्याजवळ रडेल, आणि मी त्याची होईन. पण पंधरा तारखेचं लपवून ठेवलं तर आयुष्यभर तो माझ्यासमोर श्वास घेईल आणि माझा कोंडेल. ते सांगितलं तर... तर बहुतेक तो पुन्हा कधीच तसं बघणार नाही.

आई मेथी निवडत होती. बाबा टोळ्यांची यादी तपासत होते. मी दप्तर न काढताच त्यांच्यासमोर उभी राहिले.

“बाबा, मी उद्या कॉलेजला जाणार नाही. कळसला जाणार आहे. यशराजच्या घरी.”

“कोण यशराज?” आईने मेथीची जुडी खाली ठेवली.

“कळसच्या ज्या काकूंची गाडी वरंब्यावर अडकल्याचं तुम्ही ऐकलंत, त्यांचा मुलगा. ती गाडी त्याने माझ्या सांगण्यावरून घेतली. त्याच्या आईने मला तसं सांगायला लावलं होतं, त्याला कळू न देण्याची शपथ घालून. ती शपथ मी उद्या मोडणार आहे. आणि बाबा, टोळ्यांची तारीख तुम्ही या टेबलावर बोललात तेव्हा मी ऐकली होती. रस्त्याचं काय होणार ते मला माहीत होतं. तरी मी केशरीच म्हणाले, कारण मला त्या गाडीत त्याच्या शेजारी बसायचं होतं. हेसुद्धा सांगणार आहे. तात्यांसमोर.”

बाबांनी चष्मा काढला. “ओवी, बाळा... झालं ते झालं. हे सगळं सांगायलाच हवं का?”

“हो. तो शर्यत सोडतोय. स्वतःला आईचा मारेकरी समजतोय.” माझा आवाज चिरकला, दहावीतल्यासारखा. चिरकू दे. “मी सईकडे जाते म्हणून खोटं सांगून बरेचदा गेले, आता नाही जाणार. तुम्ही सोबत आलात तर तुमच्याबरोबर, नाहीतर सकाळच्या एसटीने एकटी. आणि आई... मला तो आवडतो. उद्या सगळं ऐकल्यावर तो माझं तोंड बघणार नाही बहुतेक. तरी जाणार आहे मी.”