सेल्सोचा श्वास

जानेवारीतल्या एका मंगळवारी, दुपारी अडीचच्या सुमारास, इंद्रजित साउथहॅम्प्टन बंदरामागच्या एका कौन्सिल फ्लॅटची बेल वाजवत उभा होता. काम साधंच होतं. शनिवारी शहरात केल्टिक, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या, संगीताचा महोत्सव भरणार होता आणि त्यात वाजवणाऱ्या उशिया नावाच्या ब्याऐंशी वर्षांच्या बाईविरुद्ध त्याच्या साप्ताहिकाकडे निनावी पत्र आलं होतं. बाई वाजवत नाहीत, आतून रेकॉर्डिंग लावतात, असं त्यात लिहिलं होतं. पत्र खरं निघालं तर बाईचं नाव कार्यक्रमातून जाणार होतं.

उशिया स्पेनच्या वायव्य टोकावरच्या गॅलिसियातली. तिथल्या बॅगपाइपला गाइता म्हणतात. बगलेत कातड्याची पिशवी, तोंडाशी फुंकायची नळी, बोटांखाली सनईसारखी भोकांची दुसरी नळी आणि खांद्यावर तिसरी लांब नळी, तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून बसणारी. महोत्सवाच्या कमिटीला हे वाद्य मुळातच नको होतं. गॅलिसियाची भाषा केल्टिक नाही, मग वाद्य केल्टिक कसं, असा त्यांचा सवाल. जसं काही सुरांनाही व्हिसा लागतो! खलाशी या किनाऱ्यावरची गाणी त्या किनाऱ्यावर नेत होते, तेव्हा बंदरात कोण शिक्के मारत बसलं होतं? इंद्रजितला त्या कमिटीचा मनस्वी राग होता. पण राग वेगळा, संशय वेगळा. नागपूर सोडल्यापासून त्याने संशयावरच पोट भरलं होतं.

आणि संशयाला जागा होती. बाईला एकच फुप्फुस आहे, हे कमिटीनेच कौतुकाने पत्रकात छापलं होतं. त्याची बायको कल्याणी हॉस्पिटलात छातीच्या वॉर्डात नर्स. ती ते वाचून हसलीच होती. "एका फुप्फुसावर चाळीस मिनिटं वाजवणार? तिला आधी दोन जिने चढून दाखव म्हणावं. पाणी मुरतंय कुठेतरी, बघ तू."

दार उघडलं. बाई ठेंगणी होती, आणि दारापर्यंत येण्यानेच तिला धाप लागली होती.

"पेपरवाला ना तू?" ती म्हणाली. "ये. ऐकायला नाही, पकडायला आलायस, माहितीये मला."

"दोन्हीला आलोय," इंद्रजित म्हणाला. "तुम्ही वाजवा. मी गप्प बसतो."

"पेपरवाले गप्प बसतात होय?"

खोली काळोखी होती. पडदे ओढलेले, मेणाचा आणि ओल्या लोकरीचा वास, आणि त्याखाली तंबाखूचा. ॲशट्रे मात्र कुठेच नव्हता. खिडकीपाशी खुर्चीत, शालीखाली गाइता होती. नळ्यांना बुचं लावलेली. आणि पिशवी अर्धी फुगलेली.

"ही फुगलेली कशी?"

"सेल्सो आहे ना आत." बाईने 'साखर डब्यात आहे' म्हणावं तसं सांगितलं. "माझा भाऊ. बोटीवर होता. आमच्या घरात वाजवणारा जाताना शेवटचा श्वास पिशवीत सोडतो. मग ती रिकामी होऊ द्यायची नाही. कातडं थोडं गळतंच, म्हणून मी रोज एक फुंकर घालते. अकरा वर्षं झाली. माझ्यात दम कुठाय बाबा? वाजवतो तो. मी नुसती बोटं हलवते."

"आणि रिकामी झाली तर?"

"तर... गेला तो." ती काठीवर भार देत उठली. "कॉफी आणते. तिला हात लावू नकोस."

हात लावू नकोस! पत्रकारितेच्या तीस वर्षांत ज्याने ज्याने असं म्हटलं, त्याने तिथेच काहीतरी दडवलेलं होतं. स्वयंपाकघरात किटली गुरगुरायला लागली तसा इंद्रजित उठला. शाल दूर केली. पिशवी चाचपली. उबदार होती. नुकत्याच उठून गेलेल्या माणसाचं अंथरूण असतं तशी. स्पीकर नसेल तर वायर असेल. त्याने फुंकायची नळी पिरगाळून उपसली आणि भोकाशी मोबाइलचा टॉर्च धरला.

आत काही नव्हतं. नुसतं कातडं.

आणि हवा निघायला लागली. एक लांब सुस्कारा... डिझेलचा, तंबाखूचा, खाऱ्या ओलीचा. अर्ध्या पिशवीत हवा असते ती केवढी? पण सुस्कारा संपेना. भोकावर त्याने अंगठा दाबला, तर अंगठ्यालाच कुणीतरी हळूच बाजूला सारलं... मग पिशवी त्याच्या हातात लोळागोळा होऊन पडली.

दुसऱ्यांच्या चुका पहिल्या पानावर टांगणाऱ्या माणसाने त्या क्षणी हाक मारून कबूल करायला हवं होतं. त्याने ते केलं नाही. नळी परत बसवली, तोंड लावलं आणि छाती रिकामी होईस्तोवर फुंकलं. एकदा. दोनदा. पिशवी पहिल्यासारखी दिसायला लागली. डोळ्यांपुढे अंधारी आली तसा तो शाल टाकून बसला.

बाई कॉफी घेऊन आली. गाइता बगलेत घेऊन तिने बुचं काढली. सूर उठला, थरथरता. तिची बोटं चालू लागली आणि चारच स्वरांत थांबली. सूर थांबला नाही. तिने पिशवीला कान लावला.

"कोण आहे हा?" ती कुजबुजली.

"क... कोण?"

"सेल्सो संथ असतो. हा... हा घाबरलाय."

बाईने एकेक बूच परत लावलं, फार सावकाश. डोळे पुसले. मग त्याच्या छातीकडे बघत राहिली, पाळण्यातल्या पोराकडे बघावं तशी.

"शनिवारी मला वाजवायचंच आहे," ती म्हणाली. "आता जो आहे त्याच्यावर. तू जा. आणि लिही, रेकॉर्डिंग नाही म्हणून. डोळ्यांनी पाहिलंस ना?"

खाली कार पार्कमध्ये त्याला न्यायला आलेली कल्याणी गाडीच्या बोनेटला टेकून उभी होती. थंडी मी म्हणत होती.

"किती वेळ रे! बोटं गोठली माझी. सापडलं का काही?"

तिच्या तोंडून शब्दागणिक पांढरी वाफ निघत होती. पलीकडे फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या तोंडूनही. त्याच्या कुत्र्याच्याही.

"काही नाही," इंद्रजित म्हणाला. "खरं वाजवते ती."

त्याच्या तोंडासमोरची हवा मात्र स्वच्छ होती. त्याने तळहात तोंडासमोर धरून जोरात 'हा' केलं. पुन्हा केलं.

"काय करतोयस?" कल्याणी हसत म्हणाली, आणि तिच्या हसण्याची वाफ त्याच्या तोंडावरून हळूच निघून गेली.