गव्हाचं पाणी

गोरखने भिरकावलेला पितळी सोऱ्या मंगलच्या कपाळावर आदळला, भळाभळा रक्त वाहू लागलं... आळेफाट्याच्या दुकानदाराने साऱ्या कुरडया परत केल्या होत्या, तांबूस पडलेल्या, आंबूस वासाच्या. आणि चारचौघांत मान खाली घालावी लागल्याचा राग नवरा तिच्यावर काढत होता. मर्दुमकी दाखवायला त्याला घरच बरं सापडलं!

"बोल, गव्हाचं पाणी कोन बदलत व्हतं?"

"मीच. ऱ्हाऊन गेलं."

खोटं होतं ते. टोमॅटोला भाव मिळेना तेव्हा मंगलनेच कुरडयांचा धंदा उभा केला आणि घराची चूल पेटती ठेवली. पण भिजवलेल्या गव्हाचं पाणी रोज बदलायचं काम सासूचं, गोजरबाईचं. साऱ्या वारूळवाडीला म्हातारी ताठ मानेने सांगे, चीक माझ्या हातचा! अलीकडे तिला काही आठवेनासं झालं होतं. तिच्यामागे मंगलच गुपचूप पाणी बदली. या खेपेला मात्र मंगल तापाने फणफणून पडली, आणि कामाच्या बायकांनी नासलेल्या चिकाच्याच कुरडया घातल्या. सासूचा एवढा एक मान गेला तर तिच्यापाशी उरेल काय... या विचाराने मंगलचं काळीज जखमेहून अधिक दुखत होतं.

गोरखने केसाला धरून तिला उंबऱ्यापर्यंत फरफटत नेलं. "निघ माझ्या घरातनं!"

त्याने लाथ उगारली, तोच चीक घाटायचं लाकडी दांडकं त्याच्या पाठीत बसलं. पुन्हा बसलं. मागे गोजरबाई उभी होती.

"मला मार. पाणी म्या बदललं न्हाई. लई दिस झालं, मला आठवंना झालंय. ही पोर माझ्यामागं पाणी बदलती, म्या बगितलंय... अन् ते बी मी इसरते."

"आये..."

"हिच्यावर पुना हात टाकलास, तर ह्या घरात तू न्हाई ऱ्हायचा. ही ऱ्हाईल."

गोरखने हात जोडले. मंगलने त्याच्याकडे पाहिलंही नाही. क्षमा काही मागितल्याबरोबर मिळत नसते.

म्हातारीने पदराने तिचं रक्त टिपलं, आणि आयुष्यभर कुणापुढे न नमलेली ती मानी बाई सुनेच्या पायाशी बसून ढसाढसा रडली. "पोरी, आता मला रोज सांगत जा गं... पाणी बदला म्हनून."

मंगलने तिला उराशी धरलं.

"सांगीन आत्याबाई," ती म्हणाली, "पर कानात. बायकांदेखत न्हाई."