सात नंबरचा पिवळा दिवा

शिडी लांब होती आणि कॉरिडॉर वळत होता, म्हणून प्रेम जमलं. कॉरिडॉर सरळ असता तर सगळेच वेळेवर घरी गेले असते.

शिडीचं पुढचं टोक तिच्या खांद्यावर होतं. मागचं टोक वळणावर त्याच्या चहाच्या कपात शिरलं. तो ऑफिसचं नेटवर्क सांभाळायचा, ती राउटर दुरुस्त करणाऱ्या कंपनीतून आली होती.

"ओ मागचे," ती वळून न बघताच म्हणाली, "जरा उचलता का?"

त्याने कप ठेवला, शिडी उचलली आणि मशीन रूमपर्यंत तिची वेणी बघत गेला. तिथे पोचेपर्यंत त्याचं काही खरं राहिलं नव्हतं.

त्या दिवशी सात नंबरचं पोर्ट खरंच बिघडलं होतं. पोर्ट म्हणजे केबल खोचायचं भोक. अशी अठ्ठेचाळीस भोकं एका लांबट कार्डावर, आणि ते कार्ड पार वरच्या कप्प्यातल्या राउटरच्या पोटात. तिने केबल बदलली. जाताना म्हणाली, "पुन्हा बिघडलं तर कळवा."

हे तिने म्हणायला नको होतं.

कारण कुठलंही पोर्ट त्याला आपल्या खुर्चीवरून बंद करता यायचं, एक ओळ टाइप केली की झालं. पुढच्या बुधवारी सात नंबर बिघडलं. त्याच्या पुढच्याही. सात नंबरवर हिशेबाच्या मावशी असायच्या. बुधवारी दुपारी त्यांचं इंटरनेट जायचं आणि ती येऊन गेली की परतायचं.

ती शिडीवर चढायची, तो शिडी धरायचा. पंख्यांची घरघर इतकी, की बोलायचं तर जवळच यावं लागे...

"घट्ट धरलीय ना?"

"शिडी? हो."

"दुसरं काय धरणार होतात?"

"काही नाही... सहज विचारलं."

एकदा तिथल्या गारठ्यात तो कुडकुडला, तर तिने वरूनच आपला मफलर त्याच्या डोक्यावर टाकला. तो त्याने परत दिला नाही. तिने मागितलाही नाही.

शेवटी साहेबांनी वैतागून नवीन कार्ड मागवलं. तिने राउटर चालू असतानाच जुनं कार्ड ओढून काढलं आणि नवीन सरकवलं – धावत्या गाडीचं चाक बदलावं तसं.

"हे आता बिघडायचं नाही," ती म्हणाली. "म्हणजे माझं येणं संपलं."

"कधीच नाही?"

"कशाला येऊ?"

उत्तर जिभेवर आलं होतं, पण पाय खुर्चीकडे पळाले. सात नंबर बंद करून तो परत आला, तेव्हा साहेब फोन कानाला लावून दारात उभे होते.

"मावशींचं इंटरनेट पुन्हा बंद. म्हणजे नवीन कार्डही गेलं. बसवणारीलाच काम येत नाही. हिला काढा म्हणून सांगतो कंपनीला."

शिडीवर ती नवीन कार्डाकडे निरखून बघत होती. त्याने मफलर सारखा केला.

"साहेब, कार्ड चांगलंय. सात नंबर मी बंद केलं."

"आत्ता?"

"दर बुधवारी."

"का पण?"

"त्याशिवाय या येत नाहीत."

साहेबांनी फोन खाली घेतला. "मला वाटलं व्हायरस आहे," ते खिन्नपणे म्हणाले. "मी घरचा कॉम्प्युटर भंगारात दिला."

"मी कुठे तक्रार केली?" मागून मावशी म्हणाल्या. "बुधवारची तेवढीच डुलकी व्हायची माझी."

साहेब आणि मावशी गेल्यावर त्याने वर पाहिलं. "रागावलात?"

"प्रत्येक पोर्टाला दिवा असतो," ती म्हणाली. "केबल सुटली की विझतो. कोणी खुर्चीवरून बंद केलं की पिवळा होतो."

"नवीन कार्डाचा?"

"जुन्याचाही. दुसऱ्याच बुधवारी पिवळा दिसला."

"मग... बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुम्ही थांबला असतात."

ती उतरली आणि तिने शिडीचं मागचं टोक उचललं. "आज तू पुढे हो."

"कुठे?"

"चहा मिळेल तिथे. वळणावर जपून – कोणाच्या तरी कपात जाईल."

"त्याला सांगू, उचलायला आम्ही दोघं आहोत."

सात नंबर चालू करायचं राहूनच गेलं. मावशींना छान झोप लागली.