गोळा सोडताना

प्रयोगशाळेचं दार ढकलून तो आत आला तेव्हा सगळ्यांच्या जोड्या लागून गेल्या होत्या. उरलो आम्ही दोघंच. उशिरा आलेला तो, आणि जिच्या शेजारी कुणी उभं राहत नाही ती मी. वर्गात मला ‘कात्री’ म्हणतात. म्हणोत. खोटं दिसलं की मी कापते.

“इथे कुणी आहे का?” त्याने शेजारच्या स्टुलाकडे बोट दाखवलं. केसांतून पावसाचं पाणी टपकत होतं... थेट माझ्या मोजपट्टीवर.

“आहे ना. तुझं डबकं.”

तो हसला. खिशातून रुमाल काढून त्याने आधी मोजपट्टी पुसली, मग डोकं. मी तिथेच थोडी विरघळले. पण कबूल कोण करतंय!

प्रयोग साधाच. दोऱ्याला टांगलेला गोळा बाजूला ओढून सोडायचा. तो जाऊन परत आला की एक झोका. वीस झोक्यांना किती वेळ लागतो त्यावरून गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. तो नऊ पूर्णांक आठच्या जवळपास यायला हवा. सोडायचं आणि मोजायचं काम माझं, घड्याळ त्याच्या हाती. आमचं उत्तर आलं अकराच्या जवळ. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्याच्या पुढच्याही.

बाकीचे उत्तर आधी लिहितात आणि मोजमाप मागून बसवतात. ही लबाडी शिकायला कॉलेज कशाला लागतं?

“अगं, बसव ना आकडे,” पलीकडच्या टेबलावरून सल्ला आला. “सगळेच बसवतात.”

“म्हणून तर तुमचा गोळा मान खाली घालून लटकतोय.”

तेवढ्यात मॅडम आल्या. “आज शेवटची संधी. उत्तर जमलं नाही तर सही नाही, आणि सही नाही तर परीक्षा नाही.”

घरी दादा टपूनच बसला होता, एक वर्ष बुडालं की शिक्षण बंद, हे त्याने सांगून ठेवलेलं.

तो घसा खाकरून पुढे झाला. “मॅडम, चूक माझी आहे. तिला सही द्या. घड्याळ मी धरतो आणि... माझं लक्ष गोळ्यावर नसतं.”

“मग कुठे असतं?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. अख्खी प्रयोगशाळा खिदळली. त्याचे कान लालबुंद.

“बाहेर हो! आणि तू, एकटी कर.”

एका हातात घड्याळ, दुसऱ्यात गोळा. सोडला, आणि सवयीने तोंडातून गेलं, “एक.”

एक? गोळा अजून कुठे जाऊन आला होता?

मी तो थांबवला. पुन्हा ओढला. या वेळी सोडताना म्हटलं, “शून्य.” उत्तर आलं नऊ पूर्णांक सात.

“मॅडम, चूक माझी होती,” मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं.

“एकदा जोडीने करून दाखवा, मग सही,” मॅडम म्हणाल्या. “जा, बोलाव त्याला.”

तो व्हरांड्यात खिडकीपाशी उभा होता. बाहेर पाऊस.

“मिळाली सही?”

“मी सोडतानाच ‘एक’ म्हणत होते. झोके व्हायचे एकोणीस, मी मोजायचे वीस.”

“मग माझी चूक?”

“तुझं लक्ष नसतं तर उत्तर कधी वर गेलं असतं, कधी खाली. आपलं दर वेळी एकाच जागी चुकायचं. म्हणजे घड्याळ तू चोख धरलंस. लबाडा, मॅडमसमोर खोटं बोललास?”

“घड्याळापुरतं खोटं.” त्याने मान खाली घातली. “सुरुवातीला आणि शेवटी गोळ्याकडे बघायचो. मधल्या वेळात... तुझ्याकडे. तू मोजत असायचीस ना.”

“एवढं बघत होतास, तर मी ‘एक’ कधी म्हणते ते दिसलं नाही?”

“दिसायचं की. त्यात चूक दिसली नाही.”

मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“हे बघ,” मी म्हणाले, “मला खोटं जमत नाही. तू मला आवडतोस. आता चल, मॅडम थांबल्यात.”

तो जागचा हलेना. मीच त्याच्या मनगटाला धरून आत नेलं. सगळे बघत होते. बघोत.

त्याने घड्याळ घेतलं. मी गोळा बाजूला ओढला.

“लक्ष कुठे?”

“गोळ्यावर,” तो माझ्याकडे बघत म्हणाला.

“वीस झोके दम धर. मग मी आहेच.”

आणि मी गोळा सोडला.

“शून्य...”