वरसाव्याचा साक्षीदार

वरसाव्याच्या पुलाआधी, रस्त्याच्या कडेला, समिधा एक नकाशा हातात धरून उभी होती. ट्रेलर धडधडत जात होते आणि प्रत्येकाच्या वाऱ्याने तिची ओढणी उडत होती. नकाशा पंचनाम्यातला होता. पाच महिन्यांपूर्वी याच रस्त्यावर तिचे बाबा, आत्माराम, स्कूटरवरून भाईंदरला घरी येताना ट्रेलरच्या धडकेने गेले होते. नकाशात स्कूटर दुभाजकाच्या फटीत दाखवली होती. म्हणजे ते उलट्या दिशेने घुसले, चूक त्यांचीच, असं नुकसानभरपाईच्या दाव्यात विमा कंपनीचं म्हणणं. रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबणारा माणूस... समिधाला ते पटत नव्हतं आणि खोडूनही काढता येत नव्हतं.

तिच्या मागे एक टेम्पो थांबला. मासळीचा वास आला, बर्फाचं पाणी ठिबकलं, आणि उन्हाने रापलेला एक उंच तरुण खाली उतरला.

"स्कूटरवाल्या काकांचंच बघताय ना?" तिच्या हातातल्या नकाशाकडे बघत तो म्हणाला. "इथं न्हाय झालं ते. थोडं मागं झालं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"स्कूटर मीच उचलून त्या फटीत ठेवली. रस्ता अडला होता."

त्याचं नाव शेन. उत्तनचा. रोज सकाळी मासळी घेऊन ठाण्याच्या बाजारात जायचा. त्या दिवशी परतताना पुढचा ट्रेलर सिग्नल न देता वळला, ते त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. बाबांना त्यानेच टेम्पोतून हॉस्पिटलला नेलं होतं आणि वाटभर बाबांनी त्याचा हात सोडला नव्हता. मग डॉक्टरांनी मान हलवली, आणि पोलीस-कोर्टाच्या भानगडीला घाबरून तो नाव न सांगताच निघून आला. हे सगळं सांगताना त्याने एकदाही वर पाहिलं नाही.

समिधाला त्याचा राग यायला हवा होता. पण बाबा शेवटी एकटे नव्हते, हे तिला आज पहिल्यांदा कळलं होतं. तिला रस्त्यातच रडू आलं. तो तिच्या आणि ट्रेलरांच्या मधे उभा राहिला.

शेनने साक्ष द्यायचं कबूल केलं. वकील ममता मॅडमनी त्याचं प्रतिज्ञापत्र केलं. त्या कागदांसाठी समिधा दोनदा उत्तनला गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा तो किनाऱ्यावर जाळं विणत बसला होता.

"आज कुठला कागद राहिला?"

"कागद नाही... सुके बोंबील घ्यायला आले."

"भाईंदरला मिळत न्हाय वाटतं?"

"मिळतात. पण तिथली मावशी इतके प्रश्न विचारत नाही."

तो हसला, मग ती. त्यानंतर ती कारण न शोधताच येऊ लागली. पण एका संध्याकाळी त्याने हातातलं जाळं बाजूला ठेवलं.

"एक सांगायचं हाय," तो म्हणाला. "काकांचं हेल्मेट डोक्यावर न्हवतं. हँडलला अडकवलेलं. कोर्टात विचारलं तर... मी तसंच सांगणार."

समिधा उठली आणि सरळ घरी आली. आठ दिवस तिने त्याचा फोन घेतला नाही. मग ती ममता मॅडमकडे गेली आणि सगळं सांगून मोकळी झाली, हेल्मेटचंही आणि किनाऱ्याचंही. मॅडमनी चष्मा काढला. समोरचा वकील विचारणारच, की हा साक्षीदार तुमचा कोण लागतो. ओळख लपवू नका, पण साक्ष होईपर्यंत भेटूही नका, असं त्यांनी बजावलं.

तिने त्याला फोन केला. "जे पाहिलंत, तेच सांगा. सगळं. आणि तोवर आपण भेटायचं नाही."

पलीकडे समुद्राच्या आवाजात त्याने विचारलं,

"आणि साक्ष झाल्यावर?"

"झाल्यावर... बघू."

तारीख पडली, पुढे गेली, पुन्हा पडली. सात महिने गेले. त्याने शब्द पाळला, एक मेसेजही केला नाही. रोज मोबाईल बघून बाजूला ठेवताना समिधाला त्याचा अभिमान वाटे, आणि थोडा रागही येई.

अखेर ठाण्याच्या मोटार अपघात न्यायाधिकरणात शेन इस्त्रीचा शर्ट घालून उभा राहिला. ट्रेलरचं सांगितलं, स्कूटर उचलल्याचं सांगितलं. हेल्मेटचं विचारल्यावर तेही सांगितलं. समिधाची आई, मनोरमा, बाकावर डोळे मिटून बसली होती. मग विमा कंपनीच्या वकिलाने विचारलं, अर्जदार मुलीशी तुमचे काय संबंध आहेत?

"संबंध काय न्हाय, साहेब. मला ती आवडते. तिला अजून सांगितलं न्हाय."

टायपिस्टची बोटं थांबली. "हे नोंदीत घ्यायचं का, सर?"

"घ्या," न्यायाधीश म्हणाले.

समिधाला वर बघवेना.

बाहेर व्हरांड्यात मनोरमा शेनसमोर जाऊन थांबली. त्याने हात जोडले.

"काकू, हेल्मेटचं मला..."

"खरं तेच बोललास," ती म्हणाली. "मी रोज त्यांना ओरडायचे. ते उकडतं म्हणायचे." मग म्हणाली, "त्यांना तू एकटं सोडलं नाहीस. घरी ये एकदा."

मॅडमच्या सांगण्यावरून दोघं निकालापर्यंतही भेटले नाहीत, आणि तीन महिन्यांनी निकाल आला. हेल्मेट नसल्याचा थोडा दोष बाबांच्याही माथी आला होता. पण ते योग्य दिशेनेच जात होते, हे त्यात स्पष्ट लिहिलं होतं. साक्षीदाराने अर्जदाराबद्दलची ओढ लपवली नाही आणि तिच्या विरुद्ध जाणारी गोष्टही लपवली नाही, म्हणून तो विश्वासार्ह आहे, असंही. मनोरमाने ते पान दोनदा वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

समिधा त्याच संध्याकाळी उत्तनला गेली. होड्या किनाऱ्याला लागल्या होत्या. शेनने तिला जवळ येताना पाहिलं आणि हात पँटला पुसले.

"निकाल कळला मला," तो म्हणाला.

"तू सगळ्या कोर्टाला सांगितलंस. मला अजून सांगितलंच नाहीस."

त्याने समुद्राकडे पाहिलं, मग वाळूकडे. कोर्टात एका दमात बोललेला माणूस इथे तीनदा अडखळला. समिधाने त्याला घाई केली नाही. त्याचं बोलून पूर्ण होऊ दिलं, आणि मग अगदी हळू म्हणाली, "मलाही."