वरणात दोनदा मीठ

पाण्यात उभं राहून कुणी तहानेनं मरतं का?

निमापुढे हा प्रश्न पालकानं टाकला होता. मुळं पाण्यात, पाणी काठोकाठ, आणि पानं मात्र उन्हात वाळत घातलेल्या फडक्यांसारखी लोंबलेली. कडा तर करपलेल्याच.

ही बाग जमिनीखाली होती. चंद्रपूरजवळच्या एका बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत. वर बावन्न अंश तापमान, तिथे गवतही टिकत नव्हतं. म्हणून वस्तीची भाजी खाली, जांभळ्या दिव्यांच्या उजेडात पिकायची. मातीशिवाय. लांबलचक पन्हाळींतून पाणी फिरायचं आणि त्यात रोज एक माप टॉनिक पडायचं (टॉनिक म्हणजे झाडाला लागणारे क्षार विरघळवलेलं दाट पाणी). वस्तीतल्या दीडशे घरांना दुसरी ताजी भाजी नव्हती.

बाग उभी केली ती निमाच्या आबाजींनी, म्हणजे आजोबांनी. शामराव उरकुडे, मृदाशास्त्रज्ञ. माती उरली नाही तरी शास्त्रज्ञ उरले, असं ते स्वतःच म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. आज हसले नाहीत. दुपारी वस्तीच्या प्रमुख मडावीबाई येणार होत्या. दोन वाफे आधीच मेले होते. तिसराही गेला तर बाग बंद करून तिथे अळिंबी लावायचं ठरलं होतं. अळिंबीला दिवे लागत नाहीत आणि आबाजीही लागत नाहीत.

"रोग असेल का, आबाजी?"

"रोगाला डाग असतात. हे तहानलेले आहेत."

"पाण्यात?"

"मीटर आण."

निमानं क्षारमापी आणली (पाण्यात किती क्षार आहेत ते सांगणारं यंत्र). गेला महिनाभर ती फळीवर धूळ खात होती. आबाजी म्हणायचे, चाळीस वर्षं झाडं बघतोय, मीटर कशाला? निमानं तिचं टोक पाण्यात बुडवलं. आकडा दोनच्या आसपास हवा होता. आला साडेसहा.

आबाजी खाली बसले.

"कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावलं की काय होतं?" त्यांनी विचारलं.

"पाणी सुटतं."

"कुणी पिळलं तिला?"

"कुणी नाही. आपोआप."

"आपोआप काही होत नसतं, पोरी. काकडीच्या पेशींना पातळ पडदा असतो. त्यातून पाणी जातं, मीठ सहसा जात नाही. आणि पाणी ज्या बाजूला क्षार जास्त, तिकडे ओढलं जातं. याला परासरण म्हणतात (पडद्यातून पाण्यानं दाट बाजूकडे जाणं). मुळाचंही तसंच. मुळाच्या आत क्षार जास्त, बाहेर कमी, म्हणून पाणी आत येतं. झाड पाणी पितं म्हणजे एवढंच. आता बाहेरच जास्त झाले तर?"

निमानं पन्हाळीकडे पाहिलं. "तर पाणी आत येणारच नाही. उलट झाडातलंच बाहेर जाईल."

"म्हणजे आपण पालकाची कोशिंबीर करतोय. जिवंतपणी." आबाजींनी चष्मा पुसला. "वरणात दोनदा मीठ पडलंय. घरात दोन बायका असल्या की होतं तसं. एकीला वाटतं राहिलं, दुसरीलाही वाटतं राहिलं. पण इथं दुसरं कोण?" त्यांनी निमाकडे पाहिलं. आवाज चढला. "तू घातलंस का गं?"

निमाला उत्तर माहीत होतं. सकाळीच तिनं ढब्बूला विचारलं होतं. ढब्बू म्हणजे कुंड्या वाहणारा, बागेतल्या सगळ्या नोंदी ठेवणारा चाकांचा यंत्रमानव. त्याला हात नव्हते. विचारल्याशिवाय बोलायची सवयही नव्हती. त्यानं सांगितलेलं तिनं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "मीच घातलं."

"कधी?"

"काल. आणि परवा."

आबाजींनी टॉनिकच्या पिंपाकडे पाहिलं. पिंप सगळ्यात वरच्या फळीवर होतं. मग निमाच्या उंचीकडे पाहिलं. मग ढब्बूकडे, जिथं हात नव्हते तिथं. फळ्यावर गणित सोडवताना उत्तर दिसू लागलं की त्यांचा चेहरा असाच व्हायचा. फक्त या वेळी त्यात आनंद नव्हता.

"ढब्बू, काल टॉनिक किती मापं पडलं?"

"चार," ढब्बू म्हणाला.

"कुणी घातलं?"

"शामराव उरकुडे. सकाळी सात, सव्वाआठ, अकरा, दोन."

"मला एकच आठवतं," आबाजी हळूच म्हणाले.

निमा रडायला लागली. "मी सांगते ना मडावीबाईंना, माझ्याकडून झालं म्हणून! त्या मला काही करणार नाहीत."

"आणि उद्या मी पुन्हा चार मापं घालीन. मग?" त्यांनी तिचं नाक आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसलं. "खोट्या नोंदीवर प्रयोग चालत नाही गं. ऊठ. आधी ते पाणी काढ."

दोघांनी तिसऱ्या वाफ्याच्या पन्हाळी रिकाम्या केल्या आणि साधं पाणी सोडलं. मडावीबाई आल्या तेव्हा आबाजींनीच सांगितलं, "झाडांना काही झालेलं नाही, बाई. मला झालंय. मी विसरतो." बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, वाफ्यांतून एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "महिनाभर बघू. पण पिंप खाली उतरवा. टॉनिकचं माप आता पोरीच्या हाती."

दुसऱ्या दिवशी निम्मा पालक ताठ उभा होता. निम्मा गेलाच. त्या जागी आबाजींनी मेथी पेरली, स्पंजच्या एकेका चौकोनात चार-चार दाणे. तीन आठवड्यांनी खुडायला येईल, म्हणाले. त्यांचे हात अजिबात चुकत नव्हते.

"निमा, आज माप घातलं का?"

"घातलं, आबाजी."

थोड्या वेळानं पुन्हा, "निमा, माप?"

"घातलं. एकच."

त्यांचा हात दाण्यांवर थांबला. "मी हे आधी विचारलं होतं का?"

"हो."

"आणि पुन्हा विचारलं तर?"

"पुन्हा सांगीन," निमा म्हणाली, आणि तिनं पुढचा चौकोन त्यांच्यासमोर सरकवला.